यंत्र बसवलं, पण भाषेचं काय?

मराठवाड्यातल्या एखाद्या जिल्ह्यात कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे कर्णबधिर मुलाला ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राची, बातमी छापून येते तेव्हा तिच्यात आकडा एकच असतो: किती मुलांची ऑपरेशनं झाली. सोबत मान्यवरांचा फोटो आणि 'आता ही मुलं ऐकू-बोलू लागतील' असं एक वाक्य. ऑपरेशन मोफत झालं ही चांगलीच गोष्ट आहे. दिव्यांगांना सहायक साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत 2014 च्या नियमांनी एका मुलामागे सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या, ऊसतोड मजुराच्या लेकराच्या कानामागेही हे यंत्र दिसू लागलं. सरकारी पैसा इतक्या थेटपणे उपयोगी पडल्याची उदाहरणं फार नाहीत. पण त्या एका आकड्यावरून ते मूल बोलेल का, शिकेल का, विचार करील का, यातलं काहीच कळत नाही. ते कळायला तीन वेगळे आकडे लागतात. बहिरेपण कितव्या महिन्यात लक्षात आलं? ऑपरेशनच्या दिवशी मुलाला कुठल्याही भाषेतले किती शब्द समजत होते? आणि दोन वर्षांनी ते यंत्र दिवसाचे किती तास चालू होतं?

माझं म्हणणं सरळ आहे. मुलाच्या मेंदूला पहिल्या तीन वर्षांत भाषा मिळालीच पाहिजे, मग ती कानातून येवो की हातांतून. इम्प्लांट हे त्यासाठीचं मोठं साधन आहे, पण आपण सगळा पैसा आणि सगळं कौतुक ऑपरेशनच्या दोन-तीन तासांवर खर्च करतो. त्याआधीची वर्षं आणि त्यानंतरची वर्षं घरच्यांच्या नशिबावर सोडून देतो.

चष्मा डोळ्यांवर चढवला की त्याच क्षणी दिसायला लागतं. इम्प्लांटचं तसं नाही. निरोगी अंतर्कर्णात सुमारे साडेतीन हजार आतल्या केसपेशी आवाजाचे चढ-उतार वेगळे करून मज्जातंतूकडे पाठवतात. इम्प्लांटची जी बारीक तार तिथे सरकवतात तिच्यावर कंपनीप्रमाणे 12, 16 किंवा 22 इलेक्ट्रोड असतात. कानामागचा प्रोसेसर मायक्रोफोनने आवाज टिपतो आणि त्याचे उंच-खोल पट्टे पाडतो. डोक्याला चुंबकाने चिकटलेली कॉइल तो संकेत कातडीखालच्या भागाला पोचवते आणि तिथून वीज त्या इलेक्ट्रोडांत जाते. साडेतीन हजार पेशींचं काम बावीस ठिकाणांवरून करायचं म्हटल्यावर मेंदूकडे जाणारा आवाज खरबरीत आणि अर्धामुर्धाच असणार. त्यातून शब्द ओळखायला मेंदूला शिकावं लागतं, आणि हे शिकायचं वय फार लवकर सरतं.

किती लवकर, याचा चांगला अंदाज आता आहे. अमेरिकेत अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवाज ऐकल्यावर मेंदूत उमटणारी पी-1 नावाची विद्युतलहर मोजली. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांत ती काही महिन्यांतच वयाला साजेशी झाली. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्या बहुतेकांत ती तशी झालीच नाही. मेंदूतली ऐकण्याची जागा वापरावाचून पडून राहत नाही, दृष्टी आणि स्पर्श तिथे हातपाय पसरतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या निपार्को यांच्या अमेरिकी अभ्यासात दीड वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्या मुलांची भाषा ऐकणाऱ्या मुलांच्या सर्वांत जवळ गेली. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली जी आपल्याकडे कुणी सांगत नाही: आईवडील मुलाशी किती आणि कसं बोलतात-खेळतात यावरही भाषेच्या वाढीचा वेग ठरत होता.

एडिपमध्ये जन्मतः कर्णबधिर मुलासाठी पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. ती शेवटची मुदत आहे, योग्य वेळ नाही. आपल्याकडे मात्र ती मुदत गाठली की सगळ्यांना हायसं वाटतं.

उशीर कुठे होतो तेही बघू. बाळ सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत शंका येत नाही, कारण कर्णबधिर बाळही हुंकार देतं, हसतं, नजरेला नजर देतं. वर्षाचं झालं तरी शब्द नाही म्हटल्यावर आजी पाठीमागून ताट वाजवून बघते. बाळ वळतं. का वळतं? हात हललेला डोळ्याच्या कडेने दिसतो, जमिनीतून कंप जाणवतो, किंवा खालच्या पट्टीतला भरड आवाज थोडासा ऐकू येत असतो. ताट ऐकू आलं म्हणजे 'स' आणि 'श' ऐकू आले असं नाही. मग जिभेवर वेखंड उगाळून लावणं सुरू होतं आणि 'याचा बापही उशिराच बोलला होता' यावर आणखी वर्ष जातं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली महाराष्ट्रातूनच, पालघरमधून सुरू झाला आणि त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. पण त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदाच येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मूल मामाच्या गावाला असेल तर सहा महिने गेले.

पुढचा टप्पा बेरा टेस्टचा, म्हणजे आवाज ऐकवल्यावर मज्जातंतूतून मेंदूकडे संकेत जातो का हे डोक्याला तारा लावून मोजण्याचा. तिला मूल गाढ झोपलेलं लागतं. किनवट किंवा देगलूरच्या वाडीवरून पहाटे निघालेलं मूल एसटीत पोटभर झोपतं आणि टेस्टच्या वेळी टक्क जागं असतं. झोपेचं औषध दिलं तर कधी लागू पडतं, कधी नाही, आणि मग पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळते. तारीख देतानाच सांगायला हवं की आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, प्रवासात काहीही करून जागं ठेवा आणि टेस्टच्या आधी दूध पाजा. या चार सूचना कागदावर छापून दिल्या तरी कित्येक हेलपाटे वाचतील. त्यानंतर साधारण तीन महिने श्रवणयंत्र लावून बघायचं, मग सीटी स्कॅन आणि एमआरआय. अंतर्कर्ण घडलेला आहे का आणि श्रवणाचा मज्जातंतू जागेवर आहे का, हे बघितल्याशिवाय ऑपरेशन करता येत नाही. सोबत न्यूमोकॉकल लस, कारण इम्प्लांट झालेल्यांना मेंदूज्वराचा धोका थोडा जास्त असतो. यातलं काहीही गाळता येत नाही. म्हणून वेळ वाचवायचा तर तो सुरुवातीलाच वाचवावा लागतो, म्हणजे प्रसूतिगृहातच.

नवजात बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून केसपेशी आवाजाला प्रतिसाद देतात का हे बघायची ओएई तपासणी काही मिनिटांची असते आणि बाळाला काहीही दुखत नाही. जगभर मानलं गेलेलं वेळापत्रक असं: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. 'एवढी यंत्रं आणायची कुठून' या प्रश्नाला केरळने उत्तर देऊन ठेवलंय. एर्नाकुलममध्ये 2003 पासून एक फिरतं यंत्र आणि एक प्रशिक्षित माणूस ठरलेल्या वारी एकेका दवाखान्यात जाऊन तिथल्या बाळांची तपासणी करू लागला. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई, केज, परळी, माजलगाव असा फेरा आखायला काय अडचण आहे? एका इम्प्लांटच्या खर्चात असं यंत्र सहज येतं.

तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या लागतील. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाच्या कानात चिकट द्रव असतो, त्यामुळे चांगल्या कानाची बाळंही 'रेफर', म्हणजे पुन्हा तपासायची, निघतात. अशा बाळाची तपासणी दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी पुन्हा करायची, कारण त्या दिवशी आई येतेच. दुसरी, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) राहिलेल्या, कमी दिवसांच्या, कावीळ फार वाढलेल्या बाळांना ओएई पुरत नाही. त्यांच्यातल्या काहींत केसपेशी ठीक असतात पण मज्जातंतू संकेत नीट नेत नाही, आणि ओएईमध्ये ती बाळं बिनदिक्कत 'पास' होतात. त्यांची बेराच करावी लागते. तिसरी गोष्ट आपल्या भागातली खास. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत मराठवाड्यात अजून आहे. आई-वडील दोघांकडून एकच सदोष जनुक आलं तर ऐकणाऱ्या जोडप्यालाही कर्णबधिर मूल होतं. अशा घरात एक मूल कर्णबधिर असेल तर पुढच्या बाळाची तपासणी पहिल्याच महिन्यात व्हावी. भारतात जीजेबी-2 या जनुकातला दोष बऱ्याच वेळा आढळतो, आणि त्या मुलांना इम्प्लांटचा फायदाही चांगला होतो. म्हणजे हा दोष शोधून दोष कुणाच्या माथी मारायचा नसून वेळ वाचवायचा असतो.

आता भाषा नसताना नेमकं काय हुकतं ते. ऐकणारं मूल शिकवल्याने जेवढं शिकतं त्याच्या कितीतरी पट कानावर पडल्याने शिकतं. आजी तुळजापूरला का गेली, सोयाबीनचा भाव पडल्यावर बाबा गप्प का बसले, परवा पाहुणे येणार म्हणून आज अंगण का सारवलं, हे त्याला कुणी समोर बसवून सांगत नाही. कर्णबधिर मुलाच्या वाट्याला यातलं काही येत नाही. घरचे म्हणतात, 'तसं त्याला सगळं कळतंय.' तांब्या दाखवला की पाणी आणतो, चप्पल दाखवली की बाहेर जायचं हे ओळखतो. पण घरगुती खुणा समोर दिसणाऱ्या वस्तूंपुरत्याच चालतात. काल, उद्या, जर, म्हणून, नाहीतर, यांना त्या पुरत नाहीत. त्यामुळे जीपमध्ये बसवलेल्या त्या मुलाला आपण लग्नाला चाललोय की दवाखान्यात, हे दारात पोचेपर्यंत ठाऊक नसतं. त्याच्या ज्या आडदांडपणाची तक्रार होते तो बऱ्याचदा इथून येतो.

मानसशास्त्रात एक साधी चाचणी आहे. एक बाहुली चेंडू टोपलीत ठेवून बाहेर जाते. दुसरी तो डब्यात लपवते. पहिली परत आल्यावर चेंडू कुठे शोधेल? चार-पाच वर्षांचं ऐकणारं मूल 'टोपलीत' म्हणतं, कारण तिला काय माहीत आहे आणि काय नाही, हे त्याला समजतं. ऑस्ट्रेलियात पीटरसन आणि सीगल यांनी 1995 मध्ये दाखवलं की ऐकणाऱ्या घरातली कर्णबधिर मुलं इथे बरीच मागे राहतात. पुढच्या अभ्यासांत दिसलं की कर्णबधिर आईवडिलांच्या घरात जन्मून पहिल्या दिवसापासून खुणांची भाषा मिळालेली मुलं मागे राहत नाहीत. कान दोघांचेही सारखेच. फरक भाषेचा होता. लक्ष टिकवणं, दम धरणं, आधी आखून मग करणं या क्षमतांबद्दलही 2017 च्या एका अमेरिकी अभ्यासात असाच निष्कर्ष निघाला. म्हणजे मुलाच्या बुद्धीचं नुकसान शांततेने होत नाही, भाषेवाचून गेलेल्या वर्षांनी होतं, आणि ही वर्षं वाचवणं आपल्या हातात आहे.

तोलाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विसरला जातो. तोल सांभाळणारं इंद्रिय अंतर्कर्णातच, ऐकण्याच्या भागाला लागून असतं. कर्णबधिर बाळाने मान उशिरा धरली, उशिरा चालू लागलं, तर त्याला मंदबुद्धी ठरवण्याआधी तोलाची तपासणी करावी. मोठेपणी त्याच मुलाला संधिप्रकाशात दिसेनासं झालं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवावं, कारण बहिरेपण आणि रातांधळेपण एकत्र आणणारा एक आनुवंशिक आजार आहे.

ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी यंत्र पहिल्यांदा चालू करतात. इथून मॅपिंग सुरू होतं: प्रत्येक इलेक्ट्रोडला किती वीज दिली की मुलाला जेमतेम ऐकू येतं आणि किती दिली की मोठं पण सुसह्य वाटतं, हे ठरवणं. सुरुवातीला पातळी मुद्दाम कमी ठेवतात, मेंदू सरावेल तशी वाढवतात. म्हणून पहिल्या वर्षात आठ-दहा वेळा जावं लागतं, नंतर वर्षातून एक-दोनदा. पातळी जास्त झाली तर मूल डोळे मिचकावतं, कॉइल ओढून टाकतं, आणि घरचे म्हणतात 'याला मशीन आवडत नाही'. कमी राहिली तर 'आ', 'ऊ' ऐकू येतात पण 'स', 'श' येत नाहीत, आणि घरचे म्हणतात 'ऑपरेशन वाया गेलं'. एखाद्या इलेक्ट्रोडमुळे गालाची शीर उडते, तो बंद करावा लागतो. या सगळ्यासाठी हिंगोलीच्या माणसाने दर महिन्याला पुण्या-मुंबईची गाडी धरायची म्हणजे बापाची रोजी बुडते, तिकीट आणि वर मुक्काम. चौथ्या-पाचव्या खेपेला माणूस थकतो.

याला मार्ग आहे. मॅपिंगचा संगणक आणि जोडणीची पेटी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या लवकर उपचाराच्या केंद्रात, ठेवायची, मुलाशेजारी प्रशिक्षित ऑडिओलॉजिस्ट बसवायचा आणि अनुभवी तज्ज्ञाने दुरून पडद्यावर पातळी ठरवायची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये अशा दूरस्थ मॅपिंगला मान्यता दिली. ती बारा वर्षांवरच्या आणि यंत्राला सरावलेल्या लोकांपुरती होती, हे खरं. त्यामुळे लहानग्यांचं यंत्र चालू करणं आणि पहिले एक-दोन मॅप समोरासमोरच व्हावेत. नंतरच्या खेपा जिल्ह्यातच झाल्या पाहिजेत.

घरात रोज सकाळी करायची एक तपासणी आहे, सहा आवाजांची: म, ऊ, आ, ई, श, स. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचं बोलणं या सहांत येतं. आईने यंत्राच्या बाजूला, थोडं मागे बसायचं म्हणजे ओठ दिसणार नाहीत. तोंडावर हात धरायचा नाही, त्याने आवाज बदलतो. मुलाच्या हातात शेंगदाणे द्यायचे, आवाज आला की एक दाणा वाटीत. मधूनमधून गप्प राहायचं, नाहीतर मूल ठेक्याने दाणे टाकत सुटतं. काल 'स' ओळखला आणि आज नाही, तर मायक्रोफोनच्या जाळीत तेल किंवा धूळ गेली असेल. आपल्याकडे चापूनचोपून तेल लावतात. तेल लावताना यंत्र काढून ठेवावं आणि कानामागची जागा पुसूनच पुन्हा चढवावं. काहीच ऐकू येत नसेल तर क्रम असा: आधी सेल बदला, मग वायर, मग कॉइल. सर्वांत जास्त तुटते ती वायर, कॉइलजवळच्या वाकणाशी. म्हणून घरात एक वायर शिल्लक हवीच. इम्प्लांटसाठीचे 675 सेल वेगळे येतात; श्रवणयंत्राचे साधे 675 टाकले तर यंत्र मध्येच बंद पडतं. दोन सेल दोन-तीन दिवस जातात, म्हणजे महिन्याला वीस ते तीस सेल. मे महिन्यात घाम आणि पावसाळ्यात दमट हवा, दोन्ही यंत्राला मारक. रात्री सेल काढून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावं आणि खड्यांचा रंग बदलला की खडे बदलावेत. कॉइलखालची कातडी लाल दिसली तर चुंबक जास्त ताकदीचा आहे. तो बदलून मिळतो, दुखणं सोसत बसू नये.

वायर काही हजारांची असते. हमीची मुदत संपल्यावर ती घ्यायला पैसे नसतात म्हणून सहा लाखांचं यंत्र लोखंडी पेटीत कपड्यांखाली पडून राहतं. ग्रामपंचायतींनी आणि जिल्हा परिषदांनी स्वनिधीतले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी तो पैसा मार्चअखेर घाईने वाटला जातो. तालुक्यात इम्प्लांट झालेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. त्यांचे सेल, वायर आणि कॉइल या निधीतून वर्षभर मिळण्याची सोय गटविकास अधिकारी एका बैठकीत लावू शकतात. नव्या प्रोसेसरना दिवसाचे किती तास वापर झाला याची नोंद असते. ती दर तीन महिन्यांनी जिल्ह्याने पाहिली तर कुठलं यंत्र पेटीत गेलंय हे आपोआप कळेल.

बीड, जालना, परभणी, धाराशिवच्या ऊसतोड कुटुंबांचं गणित वेगळं आहे, आणि ते धरल्याशिवाय मराठवाड्यात या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यांकडे निघतात, पाडव्याच्या आसपास परततात. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालेलं मूल मॅपिंगच्या ऐन महत्त्वाच्या महिन्यांत फडावर असतं. कोपीत वीज नाही, चार्जिंगचं यंत्र निरुपयोगी. मुकादमाची उचल घेतलेल्या आईबापांना महिन्याला दोन खाडे परवडत नाहीत. माझी सूचना अशी की या मुलांची ऑपरेशनं पाडव्यानंतर लगेच, एप्रिलमध्ये घ्यावीत. मे महिन्यात यंत्र चालू होईल आणि निघायच्या आधी सलग पाच महिने मॅपिंग व ऐकण्या-बोलण्याची थेरपी पदरात पडेल. चार्जिंगऐवजी साध्या सेलवर चालणारं यंत्र द्यावं, सोबत हंगामभर पुरतील एवढे सेल आणि गळ्याशी अडकवायची दोरी, म्हणजे पाचटात पडलेलं यंत्र हरवणार नाही. कारखाना ज्या जिल्ह्यात असेल तिथल्या केंद्राकडे मुलाचा मॅप आणि कागद आधीच पाठवावेत. शक्य असेल तिथे मूल आजीजवळ राहावं आणि थेरपी आजीलाच शिकवावी.

थेरपीत आणखी एक खोट आहे. चित्रांची कार्डं दाखवून 'गाय', 'केळं', 'पंखा' वदवून घेतात. मूल पन्नास नावं सांगतं, टाळ्या पडतात. पण मराठीचं व्याकरण शब्दाच्या शेवटी, हळू उच्चारलेल्या अक्षरात बसलेलं असतं. 'ताईने मारलं' आणि 'ताईला मारलं' यात मारणारी आणि मार खाणारी उलटसुलट होते ती एका अक्षराने. आला, आली, आलं यात तर फक्त शेवटचा स्वर. पत्र्याच्या वर्गात पंखा फिरत असताना इम्प्लांटमधून नेमकी हीच अक्षरं बुडतात. म्हणून सुरुवातीपासून पूर्ण वाक्यं बोलली पाहिजेत, आणि ती घरच्या बोलीत. नांदेडच्या सीमेवर घरात तेलुगू असेल, तांड्यावर गोरबोली, शहरात दख्खनी. 'कुठं जायलास?' असं बोलणाऱ्या आईला 'तू कुठे जात आहेस' असं पुस्तकी बोलायला लावलं की ती बोलणंच कमी करते. वर्गात मुलाला पुढे, यंत्राचा कान शिक्षकांकडे येईल असं बसवावं. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, त्यामुळे मागच्या बाकावर यंत्र असून नसल्यासारखं.

आणि आता ज्यावर मतभेद आहे तो मुद्दा. इम्प्लांट झालेल्या मुलाच्या घरच्यांना अजूनही बजावलं जातं: हातवारे बंद करा, नाहीतर बोलणार नाही. हा सल्ला देणारे मुलाचं भलंच चिंततात, आणि त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. 2017 मध्ये 'पीडियाट्रिक्स' नियतकालिकात आलेल्या गीअर्स यांच्या अभ्यासात, घरी खुणा न वापरलेल्या मुलांचं बोलणं आणि वाचन सरस निघालं. पण ज्यांना बोलणं जमत नाही त्यांच्याच घरात खुणा टिकून राहतात, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्यातून सुटत नाही, अशी टीका त्यावर झाली. शिवाय तिथल्या घरांनी कुठली खुणांची भाषा आणि किती वापरली, यात एकवाक्यता नव्हती. उलट 2014 मध्ये डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून खुणांची भाषा मिळालेली, नंतर इम्प्लांट झालेली मुलं अभ्यासली. त्यांचं बोलीभाषेचं यश कर्णबधिर आईवडिलांच्या ऐकणाऱ्या मुलांच्या तोडीचं होतं. मुलं थोडी होती, हेही मान्य.

पुरावा दोन्हीकडे असेल तर आपण जोखीम मोजावी. एक वर्षाच्या आत ऑपरेशन, आठवड्याला थेरपी, गावातच दुरुस्ती असं असेल तिथे कुणी फक्त आवाजावर भिस्त ठेवली तर ती समजू शकते. आपल्याकडे निदान दोन-तीन वर्षांनी होतं, ऑपरेशन चौथ्या-पाचव्या वर्षी, वायर तुटली की महिनाभर यंत्र बंद. एडिपच्या 2014 च्या नियमांत देशभरासाठी वर्षाला 500 मुलांचीच तरतूद होती. यादीत थांबलेली आणि मज्जातंतूच नसल्याने ऑपरेशन न होणारी मुलं वेगळीच. अशा ठिकाणी हातांची भाषा बंद करणं म्हणजे मुलाला आहे ती भाषा सोडायला लावून नसलेल्या भाषेची वाट बघायला बसवणं. शंका आली त्या दिवसापासून भारतीय सांकेतिक भाषा सुरू करावी, यंत्र आल्यावर तोंडाने बोलणं त्यात भर घालील. रात्री झोपताना, अंघोळीला, यंत्र दुरुस्तीला गेलं तेव्हा मूल भाषेवाचून राहणार नाही.

शिकवणार कोण, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तालुक्यातच आहे. निवासी कर्णबधिर शाळांतून शिकून बाहेर पडलेले तरुण-तरुणी लातूर, परभणी, उदगीर, सेलू सगळीकडे आहेत. बरेच जण झेरॉक्सच्या दुकानात, शिलाईकामात, हॉटेलात राबतात. त्यांच्यातल्या एकेकाला समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकासोबत आठवड्यातून दोन दिवस कर्णबधिर लहान मुलांच्या घरी आणि अंगणवाडीत पाठवावं, मानधन आणि एसटीचा खर्च द्यावा. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात 2021 च्या आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत आणि त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फुकट दिसतात, पण व्हिडिओ बघून आई एकटी शिकत नाही. समोर माणूस लागतो. त्या मुलालाही मोठेपणी आपल्यासारखंच, कमावतं, संसार करणारं माणूस आधी कधी दिसलेलं नसतं. पहिल्या महिन्याच्या खुणांच्या यादीत नुसती वस्तूंची नावं नकोत. दुखतंय, भीती वाटते, थांब, माझं, कोण, का, काल, उद्या, दवाखाना, परत येऊ, हे शब्द दूध आणि पोळीच्या सोबतच यायला हवेत.